ढोलाची परीक्षा कोणी करावी?

श्रावण उजाडण्याच्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील मोकळ्या मैदानांत, पुलांखाली आणि गोदामांच्या आवारांत संध्याकाळी ढोल घुमू लागतात. गणेशोत्सवास अद्याप अवकाश असतो. पण पथकांचा सराव केव्हाच सुरू झालेला असतो. दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करून आलेली मुले-मुली कमरेला ढोल बांधतात, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळतात आणि दोन-दोन तास एकच ‘हात’ पुन्हा पुन्हा घोटतात. या श्रमाबद्दल आम्हांस मनापासून आदर आहे. म्हणूनच या श्रमाचे मोल ठरविणाऱ्या स्पर्धांविषयी आज आम्ही पहिल्या पानावर लिहीत आहोत. ज्या शहरात रस्त्यांचे खड्डे, पाण्याची ओरड आणि यंत्रमागांवरील मंदी असे प्रश्न ‘आ’ वासून उभे आहेत, तेथे ढोलाच्या गुणपत्रिकेवर अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की समाज ज्या गोष्टीला बक्षीस देतो ती गोष्ट पुढल्या वर्षी दुपटीने पिकते. आणि भिवंडीच्या रस्त्यावर ढोलाच्या रूपाने काय पिकावे, हा प्रश्न मुळीच किरकोळ नाही.

स्पर्धांच्या परीक्षणात प्रेक्षकांच्या रंजनाला अधिक गुण असावेत, अशी मागणी ऐकू येते. तिच्यामागे एक खरी तक्रार आहे. परीक्षक व्यासपीठावर बसतात. गणवेश, रांगा, ध्वज, प्रवेश, वेळेचे पालन यांना गुण मांडतात. मैदानातल्या लोकांना जे पथक भावले ते तिसरे येते आणि जे कोणाच्या लक्षातही राहिले नाही ते पहिले येते. लोक पुटपुटत घरी जातात. कलेची परीक्षा झाली, पण ज्यांच्यासाठी ती कला होती त्यांची आठवण कोणासच झाली नाही, अशी ही तक्रार आहे आणि ती आम्हांस मान्य आहे. मात्र तिच्यावर जो उपाय सुचविला जातो, म्हणजे टाळ्या, शिट्ट्या किंवा मोबाईलवरील मतदान यांवर निकाल सोपवून मोकळे व्हावे, तो आम्हांस मान्य नाही.

या दोन्ही चुका आम्ही स्वतः केल्या आहेत, हे येथे कबूल केले पाहिजे. आमच्या मास्तरकीच्या दिवसांत शालेय लेझीम स्पर्धेचे परीक्षण एकदा आमच्याकडे आले. हाती दहा रकान्यांचा कागद होता. एका शाळेच्या मुलांनी एकही पाऊल चुकू दिले नाही. दुसऱ्या शाळेची मुले खेड्यातली; पाय अनवाणी, गणवेश विटलेला, आणि तिसऱ्याच प्रकारात त्यांची एक रांग चुकली. पण त्यांच्यातला हलगी वाजविणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा चूक दिसताच क्षणभर थांबला, हलकेच दोन बोल देऊन त्याने रांग सावरून घेतली आणि तेथून लय अशी चढविली, की मैदानाबाहेरचे रिक्षावाले आत येऊन उभे राहिले. आम्ही बेरीज केली आणि पहिला क्रमांक पहिल्या शाळेस दिला. निघताना तेथील वृद्ध शिपायाने आम्हांस अदबीने विचारले, “गुरुजी, त्या हलगीवाल्या पोराला कुठल्या रकान्यात घातलंत?” आमच्या कागदावर तो रकानाच नव्हता.

पुढल्या वर्षी आम्हीच आग्रह धरून टाळ्यांना गुण ठेवले. त्या वर्षी एका शाळेने दोन ट्रक भरून माणसे आणली. टाळ्या इतक्या झाल्या, की लेझमांचा आवाज ऐकूच आला नाही. ती शाळा पहिली आली. हलगीवाल्या मुलाची शाळा त्या वर्षी आलीच नव्हती. रंजनाला रकाना नसणे ही एक चूक, आणि रंजन म्हणजे गलका समजणे ही तिच्याहून मोठी चूक, हा धडा आम्ही त्या दोन वर्षांत शिकलो.

हा पेच एकट्या आपल्यापुढचा नव्हे. अमेरिकेत तरुणांच्या ढोल-बिगूल पथकांच्या मोठ्या स्पर्धा होतात. त्यांची मुख्य संस्था १९७२ साली सुरू झाली. तेथे आरंभी परीक्षक पूर्ण गुणांपासून सुरुवात करीत आणि दिसलेल्या प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कापीत. परिणाम व्हायचा तोच झाला. चूक होऊ नये म्हणून अवघड वाजविणे टाळावे, हा शहाणपणा ठरू लागला. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ही पद्धत सोडून देण्यात आली. आज तेथे शंभरांपैकी चाळीस गुण समग्र परिणामाला, म्हणजे ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याच्या मनावर उमटणाऱ्या ठशाला असतात. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की ते चाळीस गुणही तयार परीक्षकच देतात. टाळ्या मोजून ते दिले जात नाहीत. ब्राझीलमधील रिओ शहरात सांबा पथकांच्या स्पर्धेला १९३२ साली एका वृत्तपत्रानेच आरंभ केला. तेथे ढोलवादनाचे गुण वेगळे, मेळाचे वेगळे, मिरवणुकीच्या चालीचे वेगळे. परीक्षकाने गुण कापले तर त्याचे कारण लिहून द्यावे लागते, आणि गुण सर्वांसमक्ष वाचले जातात. कोट्यवधी रुपयांची उलाढाल ज्या उत्सवावर चालते तेथे हे शक्य आहे, तर आपल्या मैदानांवर ते अशक्य का असावे?

आता आपल्याकडे पाहू. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत एके काळी मुळशी-मावळच्या गावांतून ढोल-लेझीम येत असे. पुढे १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने विद्यार्थ्यांचे ढोल-बरची पथक उभे केले, इतर शाळांतून तशी पथके निघाली, आणि शिकलेल्या मध्यमवर्गाने ढोल कमरेला बांधला. त्यातून शिस्त आली, मुली आल्या, गणवेश आले. हा लाभ मोठा आहे. पण त्याबरोबर संख्येचा हव्यासही आला. ‘आमच्याकडे शंभर ढोल’, तर ‘आमच्याकडे दोनशे’! कातड्याचे पान पावसात सैल पडते, म्हणून फायबरचे पान आले. ते सैल पडत नाही, पण त्याचा आवाज कर्कश असतो. ताशा पूर्वी शेकोटीवर शेकून घ्यावा लागे, तेवढ्या वेळात वादकाच्या हाताला आणि लोकांच्या कानांना विसावा मिळे. तोही विसावा गेला. २०२४ साली पुण्यातील पथकांची वादकसंख्या तीसवर आणण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिला आणि त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेस स्थगिती दिली. न्यायालयांनी कोणता निर्णय द्यावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण ढोलांची मोजदाद न्यायासनापुढे जावी, हे कशाचे फळ आहे? संख्येलाच वैभव मानण्याच्या आमच्या सवयीचे!

या हव्यासाला शास्त्राचाही आधार नाही. आवाजाची मोजणी साध्या बेरजेने होत नाही. पन्नास ढोलांचे शंभर केले तर आवाजाची पातळी सुमारे तीन डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून ढोल सुमारे दसपट लागतात. म्हणजे पन्नास जणांची मेहनत आणि लाखो रुपयांची वाद्ये वाढवून श्रोत्याच्या पदरात पडते ते जेमतेम जाणवण्याइतके. उलट शंभरांचे वादन एका क्षणी थांबून एकटा ताशा बोलू लागला, तर रस्त्यावरचे प्रत्येक डोके तिकडे वळते. रंजन चढउतारात असते. ज्या पथकाला हळू वाजविता येत नाही त्याला जोराने वाजविणेही येत नाही. त्याला केवळ आवाज करणे येते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे वाडवडील उगाच म्हणत नसत. आमच्या संगीतशास्त्राने ‘राग’ या शब्दाची सांगड रंजनाशी घातली ती शेकडो वर्षांपूर्वी. त्या परंपरेच्या वारसांनी रंजनाला घाबरू नये, पण त्याचा अर्थही गमावू नये.

येथवर जे लिहिले ते कोणत्याही शहरास लागू पडेल. भिवंडीस मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. प्रेक्षक म्हणजे कोण? मिरवणुकीपुढे नाचणारे शे-दीडशे तरुण एवढेच प्रेक्षक काय? स्पर्धेच्या मैदानावर माणूस आपण होऊन येतो, कंटाळला तर उठून जातो. रस्त्यावरच्या श्रोत्याला ती सोय नाही. रात्रपाळी करून आलेला कारागीर दिवसा ज्या खोलीत झोपतो तिच्या खिडकीखालून मिरवणूक जाते. परीक्षेला बसलेली मुलगी, प्रसूतिगृहातली बाळंतीण, छातीत यंत्र बसविलेला म्हातारा, हे सारे तिचे श्रोतेच आहेत. फक्त त्यांना कोणी निमंत्रण दिलेले नाही. रहिवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल, रुग्णालये-शाळा-न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात दिवसा पन्नास व रात्री चाळीस, ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. ती कोणत्या मिरवणुकीत पाळली जाते हे वाचकांनी स्वतःच्या मनास विचारावे.

त्यातही हे गाव मागांचे. ज्याचा दिवस धोट्याच्या खडखडाटात जातो त्याच्या कानांवर आधीच मोठा भार पडलेला असतो. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तासांहून अधिक सोसू नये आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी करावी, अशी अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. त्या हिशेबाने शंभर डेसिबलला कान केवळ पंधरा मिनिटे सुरक्षित राहतो. ढोलाशेजारी तासन् तास उभ्या राहणाऱ्या वादकांनी हा हिशेब स्वतःसाठीही मांडावा. पण याच गावात असेही कारागीर आहेत, की ज्यांना मागाच्या आवाजातला बारीकसा फरक ऐकून धागा कोठे तुटला ते कळते. लयीची अशी पारख असलेल्या गावाला मोठ्या आवाजाचे अप्रूप दाखवावयाचे, म्हणजे साखरेच्या गोदामात गूळ विकण्यासारखे आहे. या गावाचे रंजन करावयाचे असेल तर त्याला उत्तम लयच द्यावी लागेल.

आणि भिवंडीचा श्रोता एका धर्माचा नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे जी आग भडकली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. मिरवणूक, तिचा मार्ग, तिच्यातल्या घोषणा हे विषय या शहरात तेव्हापासून साधे राहिलेले नाहीत. १९८४ साली पुन्हा होरपळ झाली. पुढे १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही बाजूंची माणसे एका बाकावर बसविली. आणि १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. हे या गावाचे पदक आहे. शेजारधर्म दोन्हीकडून पाळला जातो याची उदाहरणेही ताजी आहेत. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईतील मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक एक दिवस पुढे नेली. २०२४ मध्येही तेथे ती मिरवणूक पुढे नेण्यात आली. ज्यांनी आपली तिथी आपल्यासाठी बाजूला सारली, त्यांच्या कानांचा विचार आपल्या गुणपत्रिकेत असू नये काय?

ताशाचीच कुळकथा पाहावी. भांडे या अर्थाच्या फार्सी शब्दावरून त्याचे नाव आले. मोहरमच्या ताबुतांपुढे तो पिढ्यान् पिढ्या वाजत आला. १८९३ पूर्वी त्या ताबुतांपुढे हिंदू वादक आणि नाचणारेही असत. एकोणिसाव्या शतकात करारावर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर तो दूर वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादला गेला. तेथे मोहरमला तोच वाजतो, हिंदूंच्या लग्नातही तोच वाजतो, आणि त्याच्या स्पर्धाही होतात. असे हे वाद्य. त्याचा उपयोग कोणाच्या तरी दारापुढे थांबून मुद्दाम अधिक जोराने वाजविण्यासाठी करणे, हा धर्माचा अपमान आहे की नाही हे धर्मज्ञांनी ठरवावे. तो ताशाचा अपमान आहे, एवढे आम्ही निश्चित सांगतो.

तेव्हा करावे काय? केवळ उपदेश करून थांबणे हा संपादकांचा जुना दोष आहे. म्हणून आम्ही एक आराखडा आयोजकांपुढे ठेवतो.

शंभर गुणांपैकी तीस ताल, लय आणि एकसूत्री वादनास द्यावेत, वीस रचनेस आणि नव्या कल्पनेस, तीस रंजनास, वीस संयमास. रंजनाचे गुण देणारे परीक्षक व्यासपीठावर नकोत. एकाने लोकांच्या मध्ये बसावे आणि दुसऱ्याने मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभे राहावे. पहिल्या रांगेत जे थरारक वाटते ते शेवटच्या रांगेत कित्येकदा केवळ घरघर असते. लोक ऐकू लागले काय, बोलणे थांबले काय, लहान मुलांनी कानांवर हात ठेवले की पाय धरला, हे त्यांनी पाहावे. संयमाच्या गुणांसाठी प्रत्येक पथकाने दोन मिनिटे मंद वादन करणे सक्तीचे असावे. त्या दोन मिनिटांत खरे आणि खोटे पथक आपोआप वेगळे पडेल. स्पर्धेत वादकांची संख्या चाळीसच्या आत ठेवावी, म्हणजे लहान गावचे पथक मोठ्या शहरच्या पथकापुढे पैशाच्या जोरावर हरणार नाही. परीक्षकांत एक ढोलाचा जाणकार, एक ताशाचा, एक तबला किंवा पखवाजाचा आणि एक साधा पण कान असलेला नागरिक असावा. ताशाचा जाणकार मोहरमच्या परंपरेतला मिळाला, तर भिवंडीने तो मान आवर्जून त्याला द्यावा. प्रत्येक परीक्षकाने कारणांसह गुण लिहावेत आणि ते निकालाबरोबर फलकावर लावावेत.

लोकांच्या मताला काहीच स्थान नको काय? अवश्य असावे. ‘लोकपसंतीचे बक्षीस’ स्वतंत्र ठेवावे आणि ते त्याच नावाने द्यावे. दोन ट्रक माणसे आणून ते कोणी जिंकले तर खुशाल जिंकावे. मात्र त्याला उत्कृष्ट वादनाचे बक्षीस म्हणू नये. आणि परीक्षकांस आणखी एक अधिकार असावा, बक्षीस राखून ठेवण्याचा. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकतर्फे १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत २०२२ साली एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला. त्यावर वाद झाला, तरुण रंगकर्मी दुखावले गेले. पण करंडकाची किंमत त्याने कमी झाली असे आम्हांस वाटत नाही.

रंजन गुणांनी मोजता येते काय, असा आक्षेप कोणी घेईल. पूर्णपणे मोजता येत नाही, हे खरे. निबंधातली रसवत्ताही मोजता येत नाही. तरी शिक्षक वर्षानुवर्षे निबंधाला गुण देतात, आणि चांगला शिक्षक चुकतो कमी व आपली चूक मान्य करतो अधिक. दुसरा आक्षेप असा येईल, की तरुणांच्या आनंदावर आम्ही विरजण घालीत आहोत. आमचा हेतू नेमका उलट आहे. वादकाच्या हातात जे आहे त्याचे चीज व्हावे, त्याच्या आवाजाने दारे-खिडक्या बंद न होता उघडाव्यात, अशी आमची इच्छा आहे. ज्या मोहल्ल्यातून पथक जाते तेथील माणूस दारात येऊन उभा राहिला, तर त्याहून मोठे रंजन कोणते आणि त्याहून मोठे पारितोषिक कोणते?

यंदाच्या गुणपत्रिका छापावयास जाण्यापूर्वी आयोजकांनी, मंडळांनी आणि पथकांच्या प्रमुखांनी एकदा एकत्र बसावे. त्या बैठकीस शांतता समितीचे सदस्य बोलवावेत, एखादा कानाचा डॉक्टर बोलवावा, रात्रपाळीचा एखादा कामगारही बोलवावा. आमच्या आराखड्यात चुका असतील. त्या पथकांनी आम्हांस लिहून कळवाव्यात, आम्ही त्या छापू. एवढीच विनंती, की नव्या कागदावर एक रकाना त्या हलगीवाल्या मुलासाठी असावा. रांग चुकली तेव्हा तो मुलगा आधी थांबला होता, आणि जोर त्याने नंतर केला होता.